समुद्राचा जमाखर्च आणि कोळ्यांचा हक्क

२०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २.०१ लाख टन मासळी उतरली. आदल्या वर्षी हा आकडा २.९५ लाख टन होता. केंद्रीय समुद्री मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक होय. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांनी होड्या बंदरात अडकवून ठेवल्या, हे खरे. परंतु घट वादळांमुळे किती आणि बेसुमार मासेमारीमुळे किती, हे बंदरावरील टोपल्या मोजून कळत नाही.

त्यासाठी समुद्राचा एकत्रित हिशेब मांडावा लागतो. सागरी परिसंस्थेची गणिती प्रतिकृती हे काम करते. १९८४ साली जेफ्री पोलोविना यांनी हवाईलगतच्या प्रवाळक्षेत्रासाठी ‘इकोपाथ’ ही पद्धत मांडली. तिचा पुढे जगभर विस्तार झाला. तिचे सूत्र जमाखर्चाचे आहे. बोंबील जवळ्यावर जगतो, सुरमई तारली-बांगड्यावर. कोणाची पैदास किती, कोण कोणाला खातो आणि जाळ्यात किती जाते, याचा ताळेबंद जुळवला की एका जाळ्याचा भार वाढल्यास बाकीच्या समुद्राचे काय होईल, याचा अंदाज बांधता येतो. कर्नाटक किनाऱ्यासाठी आपल्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशी प्रतिकृती तयार केली आहे.

तिचा उपयोग प्रबंधापुरता नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मेनहेडन ही तेलकट मासळी प्रामुख्याने मत्स्यचूर्ण व तेल यांसाठी पकडली जाते. ती किती पकडावी हे ठरविताना तिच्यावर जगणाऱ्या मोठ्या माशांची गरज जमेस धरण्याचा निर्णय तेथील आंतरराज्य आयोगाने २०२० साली घेतला. आपल्या किनाऱ्यावर तारलीचे थवेच्या थवे पर्ससीन जाळ्यांत ओढले जातात. सुरमईसाठी काय उरते, हा प्रश्न मात्र अधिकृतपणे विचारलाच जात नाही.

येथेच राजकारण सुरू होते. एकूण भार कमी करा, असे प्रतिकृती सांगेल. कोणाचा कमी करायचा, हे ती सांगणार नाही. सागरी मासेमारी नियमनाचा राज्याचा कायदा १९८१ चा. २०१६ साली पर्ससीनचे परवाने, क्षेत्र व हंगाम यांवर बंधने आली. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरीही बेकायदा मासेमारीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. भांडवलदाराची नौका निसटते आणि नियमाचा काच लहान होडीला बसतो, असा अनुभव येत असेल तर शास्त्राविषयी किनाऱ्यावर विश्वास निर्माण होणार कसा?

पण गरिबीच्या नावाने सत्य झाकणेही समाजवाद्यांना शोभणार नाही. पारंपरिक डोल जाळ्यांतही पापलेटची पिल्ले सापडतात. २०२३ साली पापलेट ‘राज्य मासा’ ठरला. पिल्ले मात्र मानाने वाचत नाहीत. त्यांना वाचविण्यासाठी डोलकराने काही आठवडे जाळे उचलावे, असे ठरले तर त्या काळातील चुलीची जबाबदारी शासनाने घेतली पाहिजे. नफा आधी ज्यांनी लुटला, कपातही आधी त्यांच्यावरच आली पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची प्रतिकृती सार्वजनिक पैशातून तयार व्हावी. तिची गृहीतके व निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावेत. कोणत्या उधाणाला कोणती मासळी कोठे येते, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या कोळ्यांचे ज्ञान तिच्यात आधारसामग्री म्हणून यावे आणि निर्णयाच्या मेजावर मच्छीमार सहकारी संस्थांना, तसेच खलाशी व मासेविक्रेत्या स्त्रियांना जागा मिळावी.

कर्वेनगरच्या बाजारात पापलेटचा वाढता भाव पाहून हळहळणाऱ्या शहरी कार्यकर्त्याने हा केवळ कोकणाचा प्रश्न मानू नये. समुद्र ही सामाईक मालमत्ता आहे. तिचा हिशेब काही तज्ज्ञ व काही नौकामालक यांच्यापुरता राहिला, तर तोट्याची बाजू नेहमी कष्टकऱ्यांच्या नावावरच लिहिली जाईल.