गोळी चुकली की डोक्यात झटका

नैराश्यावरची गोळी दोन-तीन दिवस राहिली, की काहींच्या डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखा झटका येतो. मान किंवा नजर वळवली की चक्करही येते. मेंदूलाच काही झाले, या धास्तीने घर हादरते.

हे सहसा धोकादायक नसते. 2024 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’तील विश्लेषणानुसार गोळी थांबवल्यामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांतल्या एकाला होतो. व्हेनलाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर उतरतात, म्हणून त्यांचा डोस चुकला की लगेच जाणवते. फ्लुओक्सेटिन मात्र सावकाश उतरते.

बदलापूर-अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याची गोळी घरीच राहते. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तसे घडले तर तासन्‌तास औषधाविना जातात. दोन दिवसांच्या गोळ्या बॅगेत हव्यातच.

खरी जबाबदारी मात्र लिहून देणाऱ्याची. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात असो की गल्लीतल्या दवाखान्यात, ‘मनाने बंद करू नका, डोस हळूहळू कमी करू’ हे पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे आणि चिठ्ठीवर मराठीत, सिंधीत लिहिलेही पाहिजे. डॉक्टर भेटत नसतील तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.