उघडीप

कोल्हापुरात पावसाळा फुटांत मोजतात. जुलै लागला की चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा असतो. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली आणि दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा महापूर आला. तेव्हापासून तर आम्ही शहरवाले या आकड्यांवरच जगतो.

शिवारातला प्रश्न वेगळा असतो : ‘वापसा आला काय?’ माती पायाला चिकटत नाही आणि ढेकूळही धरत नाही, अशी मधली अवस्था म्हणजे वापसा. पेरणी, कोळपणी, खत, सारं त्यावर. तो पावसाने येत नाही, पावसाच्या उघडिपीने येतो. पाऊस किती पडला याच्या बातम्या होतात. किती दिवस थांबला याची कधी होत नाही.

2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला. एरवी त्याची तिथली तारीख 11 जून. लवकर आला म्हणून कौतुक झालं. पण आजरा, चंदगड, भुदरगडकडे भाताची धूळवाफ पेरणी रोहिणीत, कोरड्या मातीत करतात. मेमध्येच चिखल झाल्यावर धूळ आणायची कुठून? मग रोपलावण करायची, म्हणजे माणसं शोधा, मजुरी मोजा.

उसाला पाणी आवडतं, असा आपला समज. ऊस चिवट आहे खरा. बुडखा काही दिवस पाण्यात राहिला तरी तग धरतो. पण शेंड्याच्या पोंग्यात गाळाचं पाणी शिरलं की वाढ खुंटली. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पूर ओसरल्यावर लांबून फड हिरवा दिसतो. जवळ जावं तर पोंगा कुजलेला, कांड्यांवर पांगशा फुटलेल्या, आणि वजन गेलेलं.

पाऊस संपला तरी हवेचा हिशेब संपत नाही. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, साखर उताऱ्याला बांधलेली आहे आणि कोल्हापूरचा उतारा राज्यात वरचा. श्रेय आपण जमिनीला देतो, कारखान्यांना देतो (कारखाने ते आनंदाने घेतातही). डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींना कुणी देत नाही. हवा कोरडी आणि गार झाली की ऊस वाढ आवरतो आणि साखर साठवू लागतो. ढगाळ, ओलसर हवेत तो नुसता वाढत राहतो.

गुऱ्हाळाचं दुखणं आणखी निराळं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण चुलवाणात जळतं ते उन्हात वाळवलेलं चिपाड. दिवाळीच्या तोंडावर पाऊस आला की चिपाड ओलं, जाळ मंद. एकेक आधण लांबत जातं आणि गुळव्या काहिलीपाशी उभा राहून आभाळाकडे बघतो.

सरकारदरबारी अतिवृष्टी म्हणजे मंडलात एका दिवसात 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस. पंधरा दिवस नुसती रिपरिप लागली, वापसा आलाच नाही, सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, तरी त्या व्याख्येत काही घडलेलं नसे. 2023 मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली, हे बरं झालं. उशिरा झालं, हेही म्हणायला हवं. आता हवामानाच्या अंदाजानेही पाऊस कधी येणार यापेक्षा कधी थांबणार, आणि किती दिवस, ते गावागणिक सांगावं. पश्चिमेला गगनबावडा धुवून निघत असताना पूर्वेला शिरोळात आभाळ नुसतं भरून येतं. अख्ख्या जिल्ह्याला एकच इशारा देऊन काय उपयोग?

हा अंक जुळवताना आजऱ्याहून एका जुन्या वर्गणीदारांचा फोन आला. यंदा कथा कुणाच्या आहेत, असं विचारतील वाटलं. ते म्हणाले, “संपादकसाहेब, अंक येऊ दे निवांत. तिकडं उघडलंय काय, तेवढं सांगा. भात कापायचंय.”