पालीच्या सांडव्यासाठी जुना कॅमेरा

पाऊसकाळ चांगला झाला की बीडजवळच्या पालीचं बिंदुसरा धरण भरून वाहतं आणि सांडव्याजवळ मोबाइल उंचावलेल्या पोरांची गर्दी होते. त्यातल्या ज्याला फोटोचं खरंच वेड आहे, त्यानं कर्ज काढून नवा कॅमेरा घेऊ नये, हे मी कळकळीनं सांगेन. लग्नाचे फोटोग्राफर मिररलेसकडे वळल्यापासून जुने डीएसएलआर स्वस्त झालेत. माझी पसंती २०१० साली आलेल्या निकॉन डी७००० ला. त्याचे १६ मेगापिक्सेल भिंतीवर लावायच्या फोटोलाही पुरतात. शिवाय बॉडीतच फोकसची मोटर असल्यानं जुनी ५० एमएम एफ/१.८ डी लेन्सही त्यावर ऑटोफोकस करते. डी३२०० किंवा डी५३०० वर त्याच लेन्सची रिंग हातानं फिरवत बसावं लागतं. घेताना मात्र घाई नको. या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, आणि लग्नसराईत राबलेल्या कॅमेऱ्यानं त्यातला मोठा वाटा संपवलेला असू शकतो. आकडा विचाराच. एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती बहुधा साफ होते. पण लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. तसली लेन्स फुकट मिळाली तरी नको. कोकणातल्या दमट हवेत राहिलेला माल तर विशेष निरखून घ्यावा. उरलेल्या पैशांत ७०-३०० ची जुनी झूम बसते का बघा, कारण नायगावच्या अभयारण्यातले मोर आपल्याला जवळ येऊ देत नाहीत.