मायना आणि मजकूर

जोडलेल्या हातांचे जे चिमुकले चित्र आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर अहोरात्र फिरत असते, ते आपल्याच नमस्काराचे आहे अशी आपली समजूत असते. परंतु त्याचे मूळ जपानी भ्रमणध्वनींच्या चित्रलिपीत असून, २०१० साली युनिकोडच्या दप्तरात ते दाखल झाले तेव्हा त्यापुढे खेद, पश्चात्ताप आणि विनवणी या अर्थांची नोंद झाली होती. जपानात क्षमा मागताना वा गळ घालताना हात जोडण्याचा दस्तूर आहे, त्याला ते धरूनच होते. पाश्चात्त्यांना त्यात प्रार्थना दिसते. कित्येकांना तर दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी.

या अर्थबाहुल्याविषयी माझी तक्रार नाही. आपला नमस्कार तरी एकार्थी कोठे होता? देवापुढचा निराळा, निरोपाचा निराळा, आणि कोपरापासूनचा तर सर्वस्वी निराळा. दुर्दैवाने चित्रात कोपर दिसत नाही.

तक्रार आहे ती हे चित्र पाठवून तेथेच थांबण्याविषयी. जुन्या पत्रांत वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस अनेक उत्तम आशीर्वाद असा मायना असे, आणि पुढेपुढे 'सा. न. वि. वि.' एवढ्यावरही तो भागे. पण तेवढेच लिहून कोणी पत्र टपालात टाकले नाही. आज गटावर कोणाच्या मातोश्री पुण्यात निवर्तल्याची वार्ता येते आणि खाली हातांची रांग लागते. अंत्यदर्शनास वेळेवर पोहोचू की नाही या विवंचनेत विमानतळावर बसलेल्या त्या मुलाला, या मंडळींपैकी आपल्या आईला ओळखणारे कोण, हेही त्या रांगेतून उमगत नाही.

दुःखात शब्द अपुरे पडतात, हात जोडले की पुरे, असे कोणी म्हणेल. समक्ष भेटीत ते खरेच आहे. कारण तेथे मनुष्य सवड काढून आलेला असतो, घटकाभर जवळ बसतो, आणि त्याचे येणेच बोलते. अंगठ्याच्या एका स्पर्शाला तो अधिकार कोठून यावा?

वर्गणीच्या स्मरणपत्राखाली हेच हात उमटले म्हणजे पैसे भरले की मुदत मागितली, याचा खुलासा खजिनदारांनी ज्याचा त्याच्याकडून करून घ्यावा. तो प्रश्न किरकोळ आहे. शोकवार्तेखाली मात्र निदान दोन ओळी, शक्य तर गेलेल्या व्यक्तीच्या एखाद्या आठवणीसह, लिहिण्याचा प्रघात कार्यकारिणीने स्वतःपासून पाडावा. आणि ज्यांना मराठी कळफलक साधत नाही त्यांनी सरळ फोन करावा.