विहाराच्या पायरीवरचा निवाडा

पौर्णिमेची वंदना आटोपते, खीर वाटून होते आणि मग विहाराच्या पायरीवर आपली दुसरी सभा भरते. ही सभा कोणी बोलावलेली नसते, पण तिला सारे हजर असतात. अमक्याने फ्लॅट घेतला, आता वस्तीकडे फिरकत नाही. तमकीची सून वंदनेला पांढरे नेसून येत नाही. फलाण्याचा मुलगा जयंतीला रात्रभर नाचतो, पण त्याला त्रिशरण येत नाही. अर्ध्या तासात साऱ्या वस्तीचा निकाल लागतो. तिथे बसलेल्यांचा तेवढा राहून जातो.

आम्हीही त्याच पायरीवर बसणारे. आमचे विहार पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत. एकदा विषय निघाला शेजारच्या मावशींचा. त्यांच्या घरी तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे. पण फळीवरच्या डब्यात सासूच्या वेळचा देवीचा टाकही जपून ठेवलेला आहे. आम्ही चारचौघांत म्हणालो, "मावशी म्हणजे अर्ध्याच बौद्ध!" सगळे हसले.

बोलणे मावशींच्या कानावर गेले. त्या घरी आल्या, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पोराला स्थळ बघत व्हतो, तवा मी एक शिकलेली पोरगी सुचवली. घर बौद्धाचंच. तुम्ही पहिलं काय इचारलं, ध्यानात हाय का? 'आपल्यातलेच का ते, का दुसऱ्या जातीतून आलेले?' माझा टाक डब्यात हाय, समद्यांना दिसतो. तुमचा कुठं हाय, त्यो बघा."

आम्हाला उत्तर सुचले नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच सर्व माणसे समान मानण्याचीही आहे. पहिलीवर बोट ठेवून आम्ही मावशींना अर्धे ठरवले. दुसरी आम्ही स्वतः मोडली होती, तिची आठवणही नव्हती. दुसऱ्याच्या दोषाची चर्चा चालू असली, की आपल्या दोषाकडे पाहायला सवडच मिळत नाही. म्हणून तर ती चर्चा इतकी गोड लागते.

आमच्या विहाराच्या पायरीवरून पर्वती दिसते. 13 ऑक्टोबर 1929 रोजी तिथल्या मंदिरप्रवेशासाठी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृतींनी सत्याग्रह सुरू केला, तेव्हा सत्याग्रहींना दगड खावे लागले. माणूस कसा आहे हे न पाहता, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढ्यावरच त्याचा निकाल लागलेला होता. तो निकाल ज्यांच्या वाडवडिलांनी सोसला, त्यांनीच लग्नाच्या बैठकीत तोच प्रश्न विचारावा, याहून लाजिरवाणे काय?

मग कोणी चुकले तर बोलूच नये काय? तसे नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी भांडण नको म्हणून सारा वर्षावास मौनात काढला. त्यांना वाटले, तथागत शाबासकी देतील. तथागतांनी उलट कानउघाडणी केली आणि वर्षावासाच्या शेवटी पवारणा करण्याचा नियम घालून दिला. पवारणेत प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठ स्थविरसुद्धा, संघासमोर बसून विनंती करतो, की माझे काही चुकल्याचे पाहिले, ऐकले वा तसा संशय आला असेल तर मला सांगा. आपण पायरीवर दुसऱ्याचे दोष त्याच्या पाठीमागे सांगतो. इथे आपले दोष आपल्या तोंडावर सांगा, अशी विनंती करायची असते.

दुसऱ्याची चूक दाखवणाऱ्यालाही विनयाने बंधने घातली आहेत. आधी स्वतःचे आचरण तपासावे. मग योग्य वेळी, खरे तेच, सौम्य शब्दांत, समोरच्याच्या हिताचे आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. मावशींचे त्या दिवशीचे बोलणे या कसोटीला उतरते. चारचौघांतला आमचा विनोद एकाही बाबतीत उतरत नाही.

मावशींची आम्ही क्षमा मागितली. टाक अजून डब्यात आहे. तो कधी काढायचा, हे त्या ठरवतील. त्या मुलीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. आमचा तो प्रश्न तिच्या घरच्यांपर्यंत पोहोचला होता की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हाला अजून झालेले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, पवारणा भिक्खूंची खरी, पण तिचा धडा गृहस्थालाही घेता येतो. येत्या आश्विन पौर्णिमेला घरी एकदा करून पाहा. नवऱ्याने बायकोला, सासूने सुनेला, बापाने लेकाला विचारावे, "माझे काय चुकते?" आणि उत्तर मिळाले, की मध्ये न बोलता ते पुरते ऐकून घ्यावे. विचारणे सोपे आहे, ऐकून घेणे मात्र जड जाते. आम्ही अजून शिकतो आहोत.

जयभीम!