सायकल वाढत्या अंगाची नको

आपल्या घरांत कपडे आणि बूट वाढत्या अंगाचे घेण्याची पद्धत जुनी आहे. जून महिन्यात गणवेश शिवायला टाकताना "खाली चार बोटं दुमड ठेवा" असे शिंप्याला बजावले जाई. बूट मोठे झाले तर पुढे कापूस कोंबला जाई. यात काटकसर होती आणि शहाणपणही होते, कारण सैल सदऱ्याने कुणाचे हाड मोडत नाही. पण हीच पद्धत आपण सायकलीलाही लावतो, आणि आता विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकलाही लावू लागलो आहोत. माझे मत स्पष्ट आहे : सायकल वाढत्या अंगाची घेऊ नये, विजेची तर मुळीच घेऊ नये.

थंडीचे दिवस आले की इथे सायकली बाहेर निघतात. कुणी अल कुद्राच्या सपाट डांबरी ट्रॅकवर जातो, कुणी मुश्रिफ पार्कच्या मातीच्या वाटांवर, तर कुणी थेट हत्ताच्या डोंगरात. हत्ताला सोप्यापासून अवघडापर्यंत हिरव्या, निळ्या, लाल आणि काळ्या खुणांच्या वाटा आखलेल्या आहेत. खडकाळ चढावर दम लागतो, म्हणून विजेची सायकल हवीशी वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या बाबांना आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एकाच वाटेवर बरोबर नेणारे ते चांगले साधन आहे. प्रश्न येतो तो खरेदीच्या वेळी. किंमत मोठी, त्यामुळे घरात एकच घ्यायची ठरते. मग माप कुणाचे? बहुधा बाबांचे. "मुलगा वाढतोच आहे, दोन वर्षांत त्याला बरोबर होईल," असे म्हटले जाते. आईच्या मापाचा तर विचारही होत नाही.

मुलांनो, सायकलीच्या मापाची गोष्ट सायकलीइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे अशा उंच सायकली होत्या. त्यांची पायडले थेट पुढच्या चाकाला जोडलेली असत. चाक जितके मोठे, तितकी एका फेरीत सायकल लांब जाई. पण चाक किती मोठे घ्यायचे हे चालवणाऱ्याच्या पायाची लांबी ठरवी, कारण पाय पुरला नाही तर पायडल फिरणारच नाही. म्हणजे तेव्हा मापाबाहेरची सायकल घेणे शक्यच नव्हते. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल आणली. तिच्यात पायडलांचा जोर चेनने मागच्या चाकाला मिळू लागला. चाके जवळजवळ सारखी झाली, सायकल बुटकी आणि सुरक्षित झाली. त्यानंतर चाकाचे माप मागे पडले आणि फ्रेमचे माप महत्त्वाचे झाले.

आपल्याकडे गावोगावी चाललेली काळी सायकल याच घराण्यातली. बावीस इंची की चोवीस इंची, असे दुकानदार विचारी. हे इंच फ्रेमचे; चाके दोन्हींची अठ्ठावीस इंचीच. मुलांची सायकल घेताना आपण वीस इंची, चोवीस इंची म्हणतो, ते इंच मात्र चाकाचे. म्हणून 'इंच' ऐकले की पहिला प्रश्न विचारावा : फ्रेमचे की चाकाचे?

आता कुणी म्हणेल, "आम्ही नाही का वडिलांच्या सायकलीवर शिकलो? दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत अख्खी गल्ली फिरलो." खरे आहे, आणि त्या शिकण्यात मजाही होती. ती सायकलही काही हलकी नव्हती. पण तिला मोटार नव्हती. मूल जेवढा जोर लावील तेवढीच ती पळे, आणि तोल गेला की उडी मारून बाजूला होता येई. विजेच्या सायकलीत पायडलवर पाय दाबला की मोटार आपला जोर त्यात मिळवते. युरोपच्या नियमांप्रमाणे बनवलेल्या सायकलीत ही मोटार २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत साथ देते. चढावर थांबून पुन्हा निघताना, एक पाय जमिनीवर नीट टेकत नसताना, पायडलवरचा पाय चुकून दाबला गेला तर सायकल पुढे झेप घेते. तिथे हाफ पायडलचे कौशल्य कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. साधी माउंटन बाइक बारा ते पंधरा किलोच्या आसपास भरते. बॅटरी आणि मोटार असलेली वीस ते पंचवीस किलोची असते. २४ किलोची सायकल धरू. ७५ किलो वजनाच्या बाबांना ती स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. ५० किलोच्या मुलाला किंवा आईला ती जवळजवळ निम्मी आहे. सायकल तीच, पण दोघांसाठी ती सारखी नाही. उतारावर ती कलंडू लागली की सावरायला दोन्ही पाय जमिनीवर हवेत, आणि पाय टेकण्यासाठी दांडा पुरेसा खाली हवा. बाबांच्या मापाच्या फ्रेममध्ये नेमके तेच होत नाही.

"सीट खाली केली की झाले!" हे उत्तर सगळ्यांत जास्त ऐकू येते, म्हणून त्याचा नीट विचार करू. सायकलीतल्या काही गोष्टी बदलता येतात आणि काही येत नाहीत. सीट वरखाली होते, थोडी पुढेमागेही सरकते. हँडल धरणारा छोटा जोडही बदलून लहानमोठा घालता येतो. फ्रेम मात्र कारखान्यातून आली तशीच राहते. पायडलांच्या मधल्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर फ्रेममध्येच पक्के झालेले असते. इंग्रजीत त्याला रीच म्हणतात. आपण 'पोच' म्हणू. उभे राहून उतार उतरताना शरीर याच पोचेवर तोललेले असते. सीट कितीही खाली केली तरी पोच एका मिलिमीटरनेही कमी होत नाही.

पोच जास्त असली की हात ताठ होतात, अंग पुढे ओढले जाते, तळहातांवर आणि खांद्यांवर भार येतो, आणि दगड आला की हँडल वळवायला कोपरात जागाच उरत नाही. कमी असली तर गुडघे हँडलजवळ येतात आणि पाठ कोंडल्यासारखी होते. बहुतेक कंपन्यांच्या दोन लगतच्या मापांत पोचेचा फरक दोन-तीन सेंटिमीटरच असतो. कागदावर तो क्षुल्लक दिसतो, पण उतारावर हातांना लगेच कळतो.

स्मॉल, मीडियम, लार्ज या अक्षरांवरही विसंबू नये. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जच्या जवळ जातो. पूर्वी फ्रेमचे माप म्हणजे सीटखालच्या नळीची लांबी, असा साधा हिशेब होता. तीही कुणी नळीच्या टोकापर्यंत मोजी, तर कुणी दांड्याच्या मध्यापर्यंत. आता माउंटन बाइकमध्ये ही नळी मुद्दाम आखूड ठेवतात, म्हणजे सीट पुष्कळ खाली घेता येते. त्यामुळे जुने इंच फारसे उपयोगाचे राहिलेले नाहीत. स्पेशलाइज्ड कंपनीने तर काही माउंटन बाइकना स्मॉल-मीडियमऐवजी एस-२, एस-३, एस-४ असे क्रमांक देऊन मुख्य भर पोचेवर ठेवला आहे. प्रत्येक चांगली कंपनी आपल्या सायकलीच्या मापांचा तक्ता देते. दुकानदाराकडे तोच तक्ता मागावा आणि पोच व दांड्याची उंची हे दोन आकडे वाचावेत.

मुलांनो, आता तुमचे काम. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पायांत साधारण पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर ठेवा. एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधून वर घ्या, सायकलीच्या सीटवर बसल्यासारखे घट्ट टेकवा आणि पुस्तकाची कड भिंतीला लावा. त्या कडेपासून जमिनीपर्यंत आईला किंवा बाबांना टेपने मोजायला सांगा. ही तुमच्या पायाची आतली लांबी. दांड्याची उंची हिच्यापेक्षा निदान पाच सेंटिमीटर कमी हवी. डोंगरात त्याहून जास्त अंतर असले तर उत्तमच.

याच आकड्याला ०.८८३ ने गुणा. पायडलांच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण किती उंची हवी, ते मिळते. ही रीत अमेरिकेचे प्रसिद्ध सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे जगभर माहीत झाली. आईची लांबी ७२ सेंटिमीटर असेल तर उत्तर ६३.६ येते, बाबांची ८२ असेल तर ७२.४. फरक जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा. सीटचा दांडा हा फरक कसाबसा भरून काढील, पण पोचेचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. गुणाकाराचे उत्तर म्हणजे सुरुवात समजावी. शेवटी पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते.

पालकांसाठी इथल्या बाजाराबद्दल दोन शब्द. सेलमध्ये बऱ्याचदा उरलेली मापे स्वस्त होतात. मोठी सूट मिळते म्हणून दोन मापे मोठी सायकल घेणे ही बचत नव्हे. दुसरे, या देशातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे बदली होऊन जातात आणि जाताना उत्तम सायकली विकतात. अशी सायकल जरूर घ्यावी, पण किंमत विचारण्याआधी विकणाऱ्याची उंची विचारावी. दोन मापांच्या मधोमध असाल, डोंगरवाटांवर नवखे असाल आणि सायकल विजेची असेल, तर मी लहान माप घेण्याच्या बाजूचा आहे. मोठी फ्रेम वेगात स्थिर वाटते हे खरे, पण नवशिक्याला आधी थांबता, उतरता आणि वळवता आले पाहिजे. शक्य असल्यास आधी एकदा भाड्याची सायकल घेऊन तासभर चालवावी. त्या तासाभरात तक्त्यापेक्षा जास्त कळते.

वाढत्या अंगाच्या युक्तिवादाला इथे कायद्याचेही उत्तर आहे. दुबईत २०२२ साली निघालेल्या ठरावाप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलांना विजेची सायकल चालवायला मनाई आहे, आणि बारा वर्षांखालील मुलांनी साधी सायकलही अठरा वर्षांवरील सायकलस्वार बरोबर असतानाच चालवायची आहे. इतर अमिरातींत राहणाऱ्यांनी आपापल्या ठिकाणचा नियम विचारून घ्यावा. तेव्हा बाराव्या वर्षी 'पुढे होईल' म्हणून विजेची सायकल घेण्यात अर्थ नाही. ती सोळाव्या वर्षापर्यंत उभीच राहायची, आणि तेव्हा मुलाची उंची किती असेल हे आज कुणी सांगू शकत नाही. त्या वयात साधी, हलकी, मापाची सायकल हवी. तोल, ब्रेक आणि वळण हे सगळे तिच्यावरच शिकले जाते.

खर्चाची अडचण मला मान्य आहे. मुले भराभर वाढतात आणि दर दोन वर्षांनी नवी सायकल कुणालाच परवडत नाही. पण यावर उपाय मोठी सायकल हा नसून सायकली फिरत्या ठेवणे हा आहे. मोठ्या ताईचा फ्रॉक धाकटीला, चुलतभावाची पुस्तके आपल्याला, ही आपलीच रीत आहे. इथे चुलत-मावस भावंडे जवळ नाहीत, पण वर्गात पहिलीपासून दहावीपर्यंतची मुले दर आठवड्याला एकत्र येतात. एकाला लहान झालेली सायकल दुसऱ्याला नेमकी मापाची असणार.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली : वर्गाच्या सूचनाफलकावर एक कोपरा सायकलींसाठी राखावा. चिठ्ठीवर चाकाचे माप, फ्रेमचे माप, दांड्याची उंची आणि सध्या चालवणाऱ्याची उंची लिहावी, आणि हे सर्व मुलांनी स्वतः मराठीत लिहावे. नळी, दांडा, टाच, नडगी, गुडघा हे शब्द त्या निमित्ताने वापरात येतील. दुसरी : एका आठवड्याला मधल्या सुट्टीत सगळ्यांची मापे घ्यावीत, आणि सगळ्यांत आयाही आल्या. ज्या घरात एकच विजेची सायकल घ्यायची आहे, तिथे ती कोण जास्त चालवणार हे आधी ठरवावे आणि त्याच्या किंवा तिच्या मापाची घ्यावी. ते माप आईचे निघाले तर तेच खरे माप.

टेप, वही आणि एक जाड पुस्तक मी घेऊन येईन. मुलांनी फक्त गुणाकाराची तयारी करून यावे.

– एक पालक