गुरू म्हणवून घ्यायचं आणि हिशेब नगावर ठेवायचा?

दिवाळी किंवा लग्नसराई तोंडावर आली की आपल्या बाजारपेठेत एक भांडण हमखास ऐकू येतं. टेलर मास्तर म्हणतो, "सुई धरायला मी शिकवलं, आणि पोरगं ऐन सीझनात उचल घेऊन पळालं. आता समोरच्या गल्लीत दुकान टाकतंय." पोरगं म्हणतं, "चार वर्षं काज-बटणच करतोय, कात्रीला हात लावू दिला नाही." ऐकणारे बहुतेक मास्तरच्या बाजूने. "हल्लीच्या पोरांना उपकाराची जाणच नाही" हे वाक्य ठरलेलं.

मला या 'उपकारा'बद्दलच बोलायचंय.

नवं पोरगं दुकानात येतं तेव्हा आधी झाडू, चहा, इस्त्री, शिलाई उसवणं. मग तुरपाई, काज-बटण. मग मशीनवर सरळ शिलाई, पायजमा, पुढे शर्ट-पँट. इथपर्यंत बहुतेक मास्तर मनापासून शिकवतात, कारण पोराचा हात बसला की दुकानाचंच काम उरकतं. गाडी अडते ती कटिंगपाशी. माप घेणं, खडूने आखणं, कापड कापणं, खरा धंदा यातच आहे. शिवणारा कारागीर राहतो, कापणारा मास्तर होतो. म्हणून कटिंगची वेळ झाली की पोराला बरोबर दोरे-बटणं आणायला पिटाळलं जातं. ब्लाऊज शिकायला येणाऱ्या मुलींचंही तेच. वर्षभर हूक-लावणी आणि फॉल-पिको, कटोरी कटिंग मात्र "पुढे बघू".

मास्तरांची बाजू नाहीच असं मी म्हणत नाही. रेडिमेडने गिऱ्हाईक नेलं. उरलेला धंदा दोन-तीन महिन्यांच्या सीझनवर चालतो. त्यात हाताखालचा माणूस न सांगता गेला तर लग्नघरची बोलणी मास्तरला खावी लागतात. गिऱ्हाइकाचं महागडं कापड बिघडलं तर भरपाई तोच देतो. उचल बुडवणं आणि जाताना मापाची वही उतरवून नेणं हे चूकच, त्याला दुसरा शब्द नाही.

पण उचलीचा हिशेब कुठे असतो? मास्तरच्या वहीत. पोराकडे चिटोरंही नसतं. बिघडलेल्या कापडाचे किती कापले, सुट्टीचे किती गेले, हे मास्तर सांगेल तेच. चार वर्षं राबूनही उचल फिटत नसेल तर सीझनात, म्हणजे दुकानाला त्याची खरी गरज असते तेव्हाच, ते पोरगं पळणार. दुसऱ्या कुठल्या वेळी त्याचं कोण ऐकतं?

गुरू-शिष्याचं नातं असेल तर विद्या लपवू नका. मालक-कामगाराचं असेल तर मजुरी चोख द्या. पगार मागितला की "अरे, तू शिकतोयस" आणि शिकवा म्हटलं की "आधी काम उरक", हे दोन्ही एकाच तोंडाने चालणार नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात लेखी करार आहे, विद्यावेतन आहे, आणि उमेदवार-मालक वाद झाला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेण्याची सोयही आहे. पण उमेदवार घेण्याची सक्ती ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना. ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक. आपल्याकडे मास्तर, एक कारागीर आणि एक पोरगं एवढंच दुकान, म्हणजे ते या सगळ्याच्या बाहेर. २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यात शिंपी काम आहे, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आहेत, अवजारांसाठी १५,००० रुपये आहेत. चांगलंच आहे. पण ५ ते ७ दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणाने दुकानातल्या चार वर्षांचा हिशेब मिटत नाही.

आणि "नगावर काम करतो, तो कुठे माझा नोकर?" म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. कारागीर नगावर शिवायचे, यायची-जायची वेळ पक्की नव्हती. तरी मशीन बहुधा मालकाची आणि काम पसंत नसेल तर परत शिवायला लावण्याचा अधिकारही मालकाचा, म्हणून न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवलं. पन्नास वर्षं उलटून गेली, आपल्या पेठेपर्यंत निकाल पोचलेला दिसत नाही.

सरकार कधी जागं होईल ते होवो. टेलर मंडळींनी स्वतःहून एक पानाचा करार करायला कोणाची परवानगी लागत नाही. शिकण्याचा काळ किती, महिन्याला हातात किती, कटिंग कोणत्या महिन्यापासून शिकवणार, हे त्यात लिहा. उचल दोन वह्यांत, दोघांच्या सहीने. कापड बिघडलं तर कोणी किती सोसायचं ते आधीच ठरवा. पोराने सोडायचं तर महिनाभर आधी सांगायचं, सीझनात सोडायचं नाही, मापाची वही न्यायची नाही. यात मास्तरचं नुकसान कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवा.

"समोर दुकान टाकेल" ही भीती खरी आहे. पण कात्री लपवून ती जात नाही. पोरगं मोबाईलवर व्हिडिओ बघून कटिंग शिकतं, कच्चं शिकतं, आणि दुकान टाकतंच. गावाला अर्धवट टेलर मिळतो आणि मास्तरला एक दुश्मन. नीट शिकवलेला मात्र निदान सीझनात जास्तीचं काम वाटून घ्यायला कामी येतो.

आज गावात निम्म्या दुकानांवर 'कारागीर पाहिजे' अशी पाटी आहे. त्या पाटीखाली हातात किती मिळणार आणि कटिंग कधी शिकवणार, या दोन ओळी लिहा. मग पोरं येतात की नाही ते बघू.

मास्तर असाल किंवा हाताखाली शिकलेले, खाली मोकळेपणी लिहा. फक्त कुणा दुकानाचं नाव घेऊ नका.